साक्षीदार ब

घणसोली गाव
रविवार, १२ ऑक्टोबर १९९७

दादा,

वर काय लिहावे यातच दोन कागद गेले. मोठ्या भावाला साष्टांग नमस्कार लिहितात हे मला ठाऊक आहे. पण पुढचे वाचल्यावर तो नमस्कार तुला खोटा वाटेल, म्हणून नुसते दादा लिहिले आहे.

वीस महिन्यांत मी तुला एकही पत्र पाठवले नाही. आईने कामशेतचा तुझा पत्ता मला तीनदा दिला आणि तिन्ही वेळा मी तो वहीत उतरवून ठेवला. १५ फेब्रुवारीला तुझी तडीपारीची दोन वर्षे भरतात. आईने आत्तापासून पुढची खोली रिकामी करायला घेतली आहे. तू त्या खोलीत येऊन बसण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी आणि ती माझ्याकडूनच कळायला हवी.

तुला मिळालेल्या नोटिशीच्या तिसऱ्या पानावर दोन गुप्त साक्षीदारांचे जबाब आहेत. नावे दिलेली नाहीत. 'साक्षीदार अ' कोण ते मला आजही माहीत नाही. 'साक्षीदार ब' मी आहे.

एवढे लिहून मी उठलो, पाणी प्यालो. आता पुढचे लिहितो.

६ सप्टेंबर १९९५, बुधवार. मी रॉकेलचा डबा घेऊन भिमाबाईच्या गल्लीतून येत होतो. तू आणि तू ज्याची कामे करायचास त्या बिल्डरचा माणूस तिच्या दारात उभे होता. तिच्या नवऱ्याच्या गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून साडेबारा टक्क्यांचा जो प्लॉट मिळणार होता, त्याच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. ती नाही म्हणत होती. तू दार ओढून घेतलेस, बाहेरून कडी घातलीस आणि म्हणालास, "बस मंग आत. अंगठा द्यायचा झाला की हाक मार." माझ्या घड्याळात सात पंचवीस झाले होते. तुझे माझ्याकडे लक्ष गेले नाही. मी घरी आलो, डबा ठेवला, हात धुतले, जेवलो. पावणेनऊला परत जाऊन पाहिले तर कडी तशीच होती. तिने हाक मारून अंगठा कधी दिला ते मला दुसऱ्या दिवशी नळावर कळले.

त्यानंतर चार महिन्यांनी पोलीस ठाण्याचे साहेब रज्जाकभाईंच्या दुकानात आले. मी टाईप करत होतो. त्यांनी विचारले, "धनेशचा भाऊ तू?" दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. मला कोणी मारले नाही की धमकावले नाही, हे मुद्दाम लिहितो. चहा दिला. साहेब म्हणाले की तुझ्यावर केस करून उपयोग नाही, कारण कोर्टात कोणी उभे राहणार नाही, आणि दुसऱ्या बिल्डरची पोरे तुझ्या मागावर आहेत. एक तर तू कोणाला कापशील, नाहीतर तुला कोणी कापेल. तडीपार केले तर तू निदान जिवंत राहशील. त्याच आठवड्यात आईला पिठाच्या डब्यामागे तू लपवलेला कोयता सापडला होता.

हवालदार पोपटरावांनी जबाब आधीच लिहून ठेवला होता. त्यात तू तलवार नाचवतोस, तुला पाहून लोक दारे-खिडक्या बंद करून घेतात, असे होते. मी म्हणालो, तलवार मी कधी पाहिली नाही. पोपटराव म्हणाले, "अरे, तलवार सगळ्यांच्याच जबाबात असते. तुझ्यातच नसली तर साहेब विचारतील ना." मी म्हणालो, मग माझी सही नको. शेवटी त्यांनी वैतागून नवा कागद घेतला आणि मी जे पाहिले तेवढेच मी सांगितले, तेही पोपटरावांकडून दोनदा वाचून घेतले.

आईला हे माहीत नाही. उत्तर दिलेस तर दुकानाच्या पत्त्यावर दे.

पंढरी


घणसोली गाव
रविवार, २३ नोव्हेंबर १९९७

दादा,

आई दिवाळीला तुझ्याकडे जाऊन आली. माझे पत्र तुला मिळाले हे तिच्याकडूनच कळले, तिला न कळता. ती म्हणाली, "खिशात लिफाफा व्हता त्याच्या. कोनाचा म्हनून इचारला तर बोलला, हाय एकाचा." तिने आणलेला तांदूळ आम्ही शिजवला. इंद्रायणीचा वास गल्लीत गेला आणि शेजारणी विचारायला आल्या. तू गिरणीत तांदूळ पाखडण्याच्या मशीनवर असतोस आणि तुझ्या केसांत कायम कोंडा असतो, हे सांगताना आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

परवा मी तिला सांगून टाकले. ती बोंबील साफ करत होती. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले, नोटिशीतला पान नंबरसुद्धा. ती थांबली नाही. चार-पाच बोंबील झाल्यावर म्हणाली, "मना वाटला व्हता मीच जाऊन सांगन. दोनदा चौकीपरत गेले. मना लाज वाटली." मग कोयत्याने बोंबलाचे डोके उडवून तिने मला पाणी आणायला पाठवले. हा तोच कोयता. आता तो मोरीत असतो.

दादा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. मला वाटले होते की साक्षीदार ब हेच सगळ्यांत अवघड आहे. तसे नाही. सगळ्यांत अवघड हे आहे की तू गेल्यावर आम्ही सुखात राहिलो.

पहिले पंधरा दिवस आई जेवली नाही. मग जेवायला लागली. मग पूर्वीपेक्षा जास्त जेवायला लागली. संध्याकाळी दारात गाडी थांबली की तिचा हात पूर्वी छातीवर जायचा, तो जाईनासा झाला. मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, नेरूळच्या कॉलेजातली मुले राहतात. ती आईला मावशी म्हणतात आणि ती त्यांना भांडी नीट घासत नाहीत म्हणून बोलते. तू नसल्यामुळे बिल्डरच्या माणसाला गावात कोणी दार उघडेना. भिमाबाईचा कागद नोंदवलाच गेला नाही, प्लॉट तिच्याच नावावर आहे. मी नाईट स्कूलला नाव घातले आहे. नववीत सोडले होते, तिथूनच पुढे. मार्चमध्ये दहावीला बसेन.

हे सगळे बरे झाले आणि तू इथे नसल्यामुळे झाले. हे तुला कळवणे क्रूर आहे की न कळवणे खोटेपणा आहे, हे मला ठरवता आले नाही, म्हणून कळवले.

रज्जाकभाईंनाही सांगितले. ते म्हसळ्याचे, कोर्टकचेऱ्यांचे कागद पंचवीस वर्षे टाईप करत आले आहेत. मी विचारले, दादाला शिक्षा झाली म्हणायची का? ते चष्मा पुसत म्हणाले, "शिक्षा कोर्ट देतं, गुन्हा शाबीत झाल्यावर. तुझ्या भावाचा काय शाबीत झाला? काहीच नाही. सरकारने बाहेरून कडी लावली, बस. तो तिकडे, आपण इकडे. त्याने म्हातारीला जे केलं तेच त्याला केलं." मी विचारले, मग हे चूक का? ते म्हणाले, "मी कुठे चूक म्हटलं? तू टाईप कर. सोनं तोलल्यासारखं एकेक अक्षर मारतोस, पार्टी उभी आहे."

तुझे उत्तर आले नाही तरी मी पुन्हा लिहीन.

पंढरी


घणसोली गाव
रविवार, २१ डिसेंबर १९९७

दादा,

तुझे कार्ड मंगळवारी दुकानात आले. उघडे कार्ड असल्यामुळे रज्जाकभाईंनी आधी वाचले. वाचून ते माझ्या मशीनवर ठेवले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

तू लिहिले आहेस की नोटीस हातात पडली त्याच दिवशी तुला कळले होते. "घणसोलीत सात पंचवीस कोन बोलतो? बाकी सगला गाव सातच्या सुमारास." मी हे वाचून कार्ड उलटे ठेवले आणि बराच वेळ कोणाच्या तरी भाडेकराराची पाच पाने टाईप केली. साहेबांच्या कारकुनाने माझे शब्द जसेच्या तसे नोटिशीत उतरवले हे मी नोटीस पाहिली तेव्हाच पाहायला हवे होते. नाव लपवून काय उपयोग होता? म्हणजे वीस महिने तू आईला काही बोलला नाहीस, आणि वीस महिने मी तुला सांगू की नको म्हणून तुझा पत्ता वहीत ठेवून बसलो.

पण त्याखाली तू जे लिहिलेस ते मला जास्त लागले. "पोलिसाला सांगितलास त्याचा मला राग नाय. माझ्या नशिबात ते होताच. पन तू गल्लीत उभा होतास. तुला हाक मारता येत होती. दादा काय करतोस, एवडा बोलला असतास तर मी थांबलो असतो का नाय, ते आता कोनाला सांगता येनार नाय. तू मला सोडून सगल्यांना सांगितलास."

मी याचे उत्तर शोधत आहे. मला भीती वाटत होती हे खरे आहे, पण तू मला कधी हात लावला नव्हतास, मग कशाची भीती? मला वाटते, तू थांबला नसतास तर काय, याची. मग मला कळले असते की तू कोण झाला आहेस. न विचारता घरी गेलो तर कळणार नव्हते.

आता दुसरी गोष्ट. हवालदार पोपटराव घरी कागद घेऊन आले होते. तुलाही तो कामशेत चौकीमार्फत मिळाला हे तुझ्या कार्डात आहे. मुदत संपून आलास की तुला वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड द्यायचा आहे आणि गावातला एक प्रतिष्ठित जामीनदार हवा. काका नाही म्हणाले. रावसाहेब, ज्यांच्या ट्रॅक्टरवर तू चार वर्षे होतास, त्यांनी दाराआडून बायकोला पुढे केले. त्यांचाही दोष नाही.

तू लिहितोस की मी नावानिशी जामीन राहिलो तर तू येशील, नाहीतर गिरणीचे मालक कायमची खोली देत आहेत, तू तिथेच राहशील. आणि आईला सांगायचे नाही. मी तिला सांगितले नाही. पण ती पुढच्या खोलीला चुना लावून घेते आहे, आणि रोज मला विचारते की धनेशला निळा आवडतो का पांढरा.

मला विचार करायला थोडे दिवस दे.

पंढरी


घणसोली गाव
रविवार, १८ जानेवारी १९९८

दादा,

बाँडचा नमुना मी तीन वेळा वाचला. वर्षभरात तू शांतता मोडलीस तर जबाबदारी जामीनदाराची. माझे नाव, वडिलांचे नाव, घर नंबर, धंदा, सगळे त्यात येणार. मागच्या वेळी नुसते ब हे अक्षर होते. त्या अक्षरामागे मी किती आरामात बसलो होतो हे या नमुन्यातले रिकामे रकाने पाहून कळले.

रज्जाकभाई म्हणाले, "जामीन म्हणजे काय, त्याच्यावर नजर ठेवायची. ते तर तू जन्मापासून करतोयस. आता फक्त सही करायची." पण त्यांच्या बायकोने, सफियाचाचींनी, दुसराच मुद्दा काढला. त्या दुकानात डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं भावाभावाचं झालं, पोलिसांचं झालं. त्या म्हातारीला कोणी विचारलं का?"

कोणीच विचारले नव्हते. माझ्या जबाबात तिचे नावही नव्हते, 'एक वृद्ध महिला' होते, तिची ओळख उघड होऊ नये म्हणून. म्हणून गुरुवारी मी भिमाबाईकडे गेलो. ती ओट्यावर वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितले की दादा परत येतो आहे, मी त्याला जामीन राहायचे म्हणतो, आणि त्या संध्याकाळी मी गल्लीत होतो. दोनदा होतो. कडी पाहिली आणि काढली नाही.

तिने सोललेले वाल ताटात ओतले आणि दादा, ती जे बोलली ते मी घरी येऊन लगेच लिहून काढले, ते तसेच देतो.

"मी आत बसून आयकत व्हते, कोन येतंय काय ते. पाय वाजायचे आन पुढं जायचे. म्हनजे त्यातले दोन तुझे." मग पुन्हा वाल सोलत म्हणाली, "पोलिसांनी त्याला भायेर घालवला, बरा केला. पन मना काय मिलाला? मना कोनी येऊन बोलला नाय, मावशी चुकला. तू जामीन रहा नायतर नको राहू. माझा एवडाच हाय. धनेश आला का पयला माझ्या दाराशी यावा. मी आतून कडी लावून बसन. तो भायेर उभा राहून हाक मारंल. उघडायची का नाय, कवा उघडायची, ते मी ठरवन."

मी विचारले, किती वेळ? ती म्हणाली, "माझ्याकडं घड्याल नाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन तू पन ये. तू पन उभा रहायचा."

दादा, मी जामीन राहतो. पण ही तिची अट मी तुला घालतो. हा कायदा कोणत्या पुस्तकात नाही आणि तो मोडलास तर पोलीस तुला काही करणार नाहीत. तरीही. तुला मान्य असेल तर एक ओळ कळव. मी तुझ्या बाजूला उभा राहीन, कितीही वेळ लागला तरी.

आणि आईने पांढरा लावला.

पंढरी


घणसोली गाव
बुधवार, ११ फेब्रुवारी १९९८

दादा,

तुझी ओळ मिळाली. "येतो. म्हातारीला सांग." मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि मला मूठभर वाल दिले.

काल जामीनदाराची पडताळणी होती. रज्जाकभाई स्वतः बरोबर आले. दुकान बंद ठेवून आले हे मी त्यांच्याकडे काम धरल्यापासून पहिल्यांदाच पाहिले. साहाय्यक पोलीस आयुक्तांच्या ऑफिसात आमच्याआधी बारा जण होते. बाकावर आपल्या गावचेही तिघे होते, भाडेकरूंच्या भांडणात बोलावलेले. माझ्याकडे रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि नाईट स्कूलचे ओळखपत्र होते, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. ते सगळे मी पिशवीतच धरून ठेवले.

पावणेबाराला नाव पुकारले. साहेब नवे आहेत, पूर्वीचे बदलून गेले. पोपटराव मात्र तेच, फाइल घेऊन शेजारी उभे. साहेबांनी कागद पाहिले आणि विचारले, "भाऊच जामीन राहतोय. भाऊ भावाबद्दल चांगलंच सांगणार. मी विश्वास का ठेवू?"

मी उत्तर पाठ करून गेलो होतो. ते सगळे विसरलो. मी म्हणालो, "साहेब, त्याच्या फाइलमध्ये साक्षीदार ब आहे ना? तो मी."

पोपटरावांनी फाइल छातीशी धरली. बाकावरचे तिघे वळून पाहू लागले. साहेब म्हणाले, ते गुप्त असते, इथे सांगायची गरज नाही. मी म्हणालो, दुसऱ्याचे गुप्त असेल, माझे मला सांगता येते. मग मी सगळे सांगितले, बाकावरच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. तू काय केलेस ते आणि मी काय केले नाही तेही. रज्जाकभाई मागे खाकरले. मला वाटते तो धीर होता.

साहेबांनी फाइल मागून घेतली, तो जबाब वाचला. म्हणाले, "यात तलवार नाही." पोपटराव म्हणाले, "हा ऐकत नव्हता, साहेब." साहेब हसले. सही करायला पेन उचलले आणि मला म्हणाले, "चांगलं आहे. तुझ्यासारखा जामीनदार आम्हाला परवडतो. म्हणजे आता तो काही वाकडं करायला लागला की तू आम्हाला येऊन सांगशील."

मी म्हणालो, "सांगेन साहेब. पण या वेळी आधी त्याला सांगेन."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. सही केली. मग मी केली, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट. खाली घर नंबर घातला. पोपटरावांनी शिक्का मारताना हळूच विचारले की दहावीचा फॉर्म भरलास का.

गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले होते. आज नळावर दोघे माझ्याशी बोलले नाहीत. काकांनी मात्र घरी बोलावून जेवायला घातले. मला दोन्हींचे फारसे काही वाटले नाही. बऱ्याच दिवसांनी मी दुपारी झोपलो.

सोमवारी १६ तारखेला सकाळी ये. पंधरालाच निघू नकोस, मुदत त्या दिवशी रात्रीपर्यंत आहे. पनवेलला उतर, मी स्टँडवर असेन. तिथून आधी भिमाबाईकडे. आईला मी सांगितले आहे की जेवण उशिरा कर, कदाचित फार उशिरा. ती म्हणाली, होऊ दे.

तुझा धाकटा भाऊ,
पंढरी